आधी साकव, मग स्थलांतर: भीमगडातल्या एका वाडीचं प्रकरण

वाडीत 19 घरं. वाडी आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये एक नाला. उन्हाळ्यात त्यात घोटाभर पाणी असतं, म्हशी मधोमध बसून राहतात. मिरगाचा पाऊस लागला की तोच नाला छातीला लागतो आणि गणपतीपर्यंत, कधी दसऱ्यापर्यंत उतरत नाही. दर मे महिन्यात वाडीतली पोरं दोन ओंडके आडवे टाकतात, वर कामट्या बांधतात, नायलॉनच्या दोरीने आवळतात. हा साकव. जुलैतल्या एखाद्या रात्री तो वाहून जातो. मग कोणी आजारी पडलं तर झोळी, चार खांदे आणि दोर.

वाडीचं नाव मुद्दाम देत नाही. शेजारच्या दोन वाड्यांमधले प्रसंगही यात मिसळले आहेत, कोणाचं घर ओळखू येऊ नये म्हणून. माझा संबंध कागदांपुरता: वाडीने मराठीत सांगितलेलं कन्नडमध्ये लिहून द्यायचं आणि कचेरीतून कन्नडमध्ये आलेलं मराठीत वाचून दाखवायचं. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात हे काम कधी संपत नाही.

जंगल कोणतं

भीमगड अभयारण्य जाहीर झालं डिसेंबर 2011 मध्ये. क्षेत्र 190.42 चौरस किलोमीटर. नाव शिवकालीन किल्ल्यावरून आलेलं. दक्षिणेला काळी व्याघ्र प्रकल्प, पश्चिमेला गोव्याचं म्हादई अभयारण्य, वर तिलारीच्या रानातून राधानगरी-चांदोलीकडे जाणारा डोंगराचा पट्टा. वाघाला दांडेलीच्या बाजूने सह्याद्रीत वर सरकायचं असेल तर वाट इथूनच जाते. बारापेडेच्या गुहेतलं रॉटनचं वटवाघूळ जगात फार थोड्या ठिकाणी सापडतं. मेघालय आणि कंबोडियातल्या नोंदी होईपर्यंत कितीतरी वर्षं ते फक्त इथलंच मानलं जायचं. म्हादई देगावच्या रानात उगम पावते. मलप्रभा कणकुंबीला माउलीच्या देवळाशी सुरू होते आणि पुढे सौंदत्तीच्या नवीलतीर्थ धरणातून तिचं पाणी हुबळी-धारवाडच्या नळांना येतं. म्हणजे हे रान तुटलं तर झळ वाडीच्या कितीतरी पलीकडे लागणार. यावर वाडीतही वाद नाही. उलट, वनखात्याचे रोजंदारीवरचे दोन वॉचर याच वाडीतले आहेत आणि उन्हाळ्यात वणवा विझवायला सगळ्यांत आधी तेच पळतात.

या रानात गवाळी, कोंगळा, पास्तोली, कृष्णापूर, देगाव, तळेवाडी, आमगाव अशी गावं आणि वाड्या आहेत. भाषा मराठी. भात, नाचणा, थोडे काजू, म्हशी. पूर्वी हिरडा, शिकेकाई, मध, भिरंडाची (कोकमाची) सोलं बाजाराला जायची. अभयारण्यातून वाळकं लाकूड नि गवतसुद्धा काढू नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश फेब्रुवारी 2000 चा. भीमगड अभयारण्य झालं तसा तो इथेही आला, आणि कालपर्यंत जी कमाई होती ती चोरी ठरली. तरणी पोरं गोव्याला गेली. मडगाव, फोंडा, म्हापसा, मिळेल तिथे. आता वाडीत कायम राहणारे बहुतेक पन्नाशीपुढचे. शिमगा आणि चवथीला तेवढी घरं भरतात.

दोन फायली

या प्रकरणात दोन फायली आहेत. त्या कोणत्या क्रमाने हलल्या ते पाहिलं की बाकी बरंच समजतं.

पहिली फाईल हक्कांची. 2006 चा वनहक्क कायदा म्हणतो की जंगलात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांचे हक्क नोंदवा, आणि ती पडताळणी पुरी होईपर्यंत कोणालाही उठवू नका. आदिवासींना 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवला की पुरतं. पण इतर पारंपरिक वननिवासींना त्याच तारखेच्या मागे 75 वर्षं, म्हणजे 1930 पासूनचं वास्तव्य दाखवावं लागतं. आमच्या वाडीतली निम्मी घरं गवळी-धनगरांची, बाकीची मराठ्यांची. कर्नाटकात गवळी-धनगर अनुसूचित जमातीच्या यादीत नाहीत. मागणी जुनी आहे, यादी तशीच आहे. याच तालुक्यातल्या सिद्दींना ते स्थान मिळायला 2020 साल उजाडलं. त्यामुळे वाडीतल्या प्रत्येक घराला 1930 गाठणं भाग पडलं.

आता 1930 साली बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत तो तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. जुना कागद असलाच तर तो मुंबई सरकारच्या काळातला, काही मोडीत, काही इंग्रजीत. वाडीत अशी एकच पावती निघाली, चाराईची, म्हणजे गुरं चारण्यासाठी भरलेल्या पैशांची. आजोबांनी पत्र्याच्या पेटीत जपलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. मोडी वाचणारा माणूस बेळगावात शोधला, त्याने मराठीत उतरवलं, मी कन्नड केलं. कचेरीतल्या तरुण कारकुनाने ती तिन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, मूळ कागद यातला कोणता?

खरं तर कायद्याला एवढ्या कागदांची हौस नाही. नियम म्हणतात की सरकारी नोंद नसेल तर म्हाताऱ्या माणसांचा जबाब चालतो. जुनं जोतं, विहीर, मसणवट, देवाची जागा हेही पुरावे आहेत. यातले एकाहून जास्त असले की पुरे. उपग्रहाचं छायाचित्र जोडीला घेता येतं, पण ते बाकीच्या पुराव्यांची जागा घेऊ शकत नाही. आम्ही रवळनाथाच्या जागेचा पंचनामा केला, पाच जुनी जोती मोजली, तीन म्हाताऱ्यांचे जबाब घेतले. एका आबांनी जन्मसाल सांगताना गावात देवी आली होती त्या वर्षाचा हवाला दिला. देवीची साथ कोणत्या सालची, हे ठरवण्यात एक अख्खी दुपार गेली.

दावे दाखल झाले. काही फेटाळले गेले. कायद्याने कारण लेखी कळवायला हवं आणि 60 दिवसांत वर दाद मागता येते. पण फेटाळल्याचं कळलंच मुळी दीड वर्षाने, तेही कोणी दुसऱ्याच कामासाठी कचेरीत गेला तेव्हा. 13 फेब्रुवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला, तेव्हा वाडीत दोन रात्री कोणी झोपलं नाही. 28 तारखेला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. मात्र भीती पहिल्याच दिवशी पोचली होती आणि स्थगितीची बातमी पोचायला आठवडा लागला.

दुसरी फाईल साकवाची. याच कायद्याच्या कलम 3(2) मध्ये शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाणी, वीज, रस्ता अशा 13 सोयींसाठी वनजमीन देता येते. अटी दोन: एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन आणि हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत. वर ग्रामसभेची शिफारस हवी. मंजुरी जिल्हा पातळीवरच्या वनाधिकाऱ्याच्या हातात. वाचायला सोपं वाटतं. पण हिशेब करून पाहा. साडेतीन मीटर रुंदीचा साधा रस्ता धरला तर एक हेक्टरात तो सुमारे 2.86 किलोमीटर बसतो. आमची वाडी डांबरी सडकेपासून पाच किलोमीटर आत. म्हणजे रस्ता या कलमात मावतच नाही. मोठ्या परवानग्यांच्या वाटेने गेलं तर वन्यजीव मंडळ मध्ये येतं, आणि खरं सांगायचं तर तिथे नकार आला असता तर मला फार वाईट वाटलं नसतं. पक्की सडक झाली की मागोमाग काय येतं ते या तालुक्याने बघितलंय: आधी वाळूची गाडी, मग रिसॉर्टचा बोर्ड.

पण वाडीने सडक मागितलीच नव्हती. मागितला होता लोखंडी साकव. दोन्ही काठांवर काँक्रीटचे खांब, माणूस आणि फार तर मोटारसायकल जाईल एवढी रुंदी. झाड एकही तोडायचं नव्हतं. जागा दोन गुंठेही लागली नसती. ही फाईल पंचायत, तालुका, वनखातं अशी सहा वर्षं फिरली. प्रत्येक टेबलावर शेरा एकच: अभयारण्य क्षेत्र, वरिष्ठांचा अभिप्राय घ्यावा. याच तालुक्यात कणकुंबीला म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवणाऱ्या कळसा कालव्यासाठी डोंगर खणला गेला, हे वाडीतल्या कोणाला माहीत नाही असं नाही. तो वाद लवादाकडे, मंत्रालयांकडे, तीन राज्यांच्या वकिलांकडे. साकवाच्या बाजूने उभा राहायला वकील कुठला?

तळेवाडीनंतर

जुलै 2024 मध्ये आमगावच्या एका बाईंना भर पावसात गावकऱ्यांनी लाकडी स्ट्रेचरवरून जंगलातून चालत बाहेर काढलं. दवाखान्यात त्या वाचल्या नाहीत. त्या चित्रफिती सगळीकडे फिरल्या आणि गावं अभयारण्याबाहेर हलवण्याच्या, म्हणजे स्थलांतराच्या, जुन्या प्रस्तावाला एकदम वेग आला. मे 2025 मध्ये वनमंत्री ईश्वर खंड्रे यांच्या हस्ते तळेवाडीच्या 27 कुटुंबांना धनादेश दिले गेले. पॅकेज कुटुंबामागे 15 लाखांचं, त्यातले 10 लाख आधी, उरलेले 5 जागा सोडल्यावर. व्याघ्र प्रकल्पांमध्ये केंद्राने 2021 मध्ये 10 लाखांवरून वाढवून दिलेला आकडाही हाच.

तळेवाडीचे लोक चुकले असं मी म्हणणार नाही. म्हणायचा अधिकारही नाही, कारण झोळी माझ्या खांद्यावर नव्हती.

आमच्या वाडीत तो आकडा दुसऱ्या दिवशीच पोचला. साकवाची फाईल जिथे होती तिथेच राहिली, पण स्थलांतराच्या सर्वेक्षणाला माणसं महिन्याभरात आली. फॉर्म कन्नडमध्ये होता. त्यात 'ऐच्छिक' या अर्थाचा शब्द होता, मी तो 'आपखुशीने' असा वाचून दाखवला. एका मावशींनी विचारलं, "आपखुशी म्हणजे आमची की सायबांची?" सगळे हसले, साहेबही हसले. मला मात्र त्या दिवसापासून तो शब्द सहज वाचता येत नाही. ज्याला सहा वर्षं साकव मिळाला नाही त्याने जायला होकार दिला, तर त्या होकारात त्याची मर्जी किती आणि नाल्याचा धाक किती, हे कसं मोजायचं?

गणपतीत मुलं घरी आली तेव्हा वाडीची बैठक भरली. ही वेळ वाडीनेच मागून घेतली होती, कारण एरवीच्या कामाच्या दिवशी फक्त म्हातारी माणसं हजर असतात आणि सह्या त्यांच्याच होतात. नियमाने ग्रामसभेला निम्मे सभासद आणि त्यात एक तृतीयांश बायका हव्यात. त्या रात्री बायकाच जास्त होत्या.

मी गेलो तो एक समजूत घेऊन: म्हाताऱ्यांना राहायचं असणार, पोरांना जायचं असणार. अर्धवटच खरं ठरलं. वाडीचे मानकरी गावकर, त्यांनी अपेक्षेप्रमाणे देवाचं काढलं. रवळनाथ उठवायचा तर गाऱ्हाणं कोण घालणार, आणि नव्या जागी तो येईल का? पण त्यांचाच धाकटा भाऊ म्हणाला, देव येतो, आधी माणसं जगू देत. मडगावात हॉटेलात काम करणारा एक पोरगा म्हणाला, मला 15 लाख नकोत, मला पोरगी हवी. या वाडीत मुलगी द्यायला कोणी तयार नाही. पाहुणे नाल्यापर्यंत येतात, पाणी बघतात आणि परत जातात. पुढचा अर्धा तास सभा याच विषयावर चालली. अहवालात अशा गोष्टी येत नाहीत. येतो तो 'पायाभूत सुविधांचा अभाव' एवढाच शब्द.

एका विधवा बाईंनी विचारलं की चेक कोणाच्या नावाचा. व्याघ्र प्रकल्पांच्या नियमांत 18 वर्षांपुढचा मुलगा, अविवाहित मुलगी, विधवा, घटस्फोटित स्त्री यांना वेगळं कुटुंब धरतात. इथे तेच नियम लागणार का, याचं लेखी उत्तर कोणाकडे नव्हतं. साहेब म्हणाले, होईल. बाई म्हणाल्या, लिहून द्या. साहेबांनी वहीत लिहून घेतलं, पण बाईंच्या हातात त्याचा कागद आला नाही.

मग म्हशींचा प्रश्न. खानापूरच्या आसपास पैशात घर होईल, पण सहा म्हशी कुठे चरणार? माझ्या हिशेबाने पॅकेजचा खरा कमकुवतपणा हा. ते घराची किंमत करतं, आणि वाडी तर निम्मी घराबाहेर जगत असते. पाणवठा, गवताची कुरणं, भिरंडाची झाडं, पायवाटा यांच्यावर कोणाचंच एकट्याचं नाव नाही, म्हणून त्यांचा भावही नाही. वनहक्क कायद्यात याच गोष्टींसाठी सामूहिक दावा आहे. आमच्या वाडीचा तो दावा अजून भरलेलाच नव्हता, कारण सगळी ताकद घराघराच्या 1930 मध्ये खर्च झाली होती. ही चूक वाडीची नाही. फॉर्म मी भरत होतो.

त्या रात्री हात वर करून मोजलं. 8 घरं जायला तयार, 5 नाही म्हणाली, 6 घरांनी सांगितलं की आधी हक्काचा कागद आणि साकव द्या, मग विचारा. या 6 मधली निदान 3 घरं कागद मिळाल्यावरही जातील असा माझा अंदाज आहे. त्यांनी तसं लपवलंही नाही. एक जण म्हणाला, "जायाचं तर हायच की. पण चोर म्हणून उठायचं नाही, मालक म्हणून उठायचं."

माझं मत कसं बदललं

सुरुवातीला मी स्थलांतराच्या बाजूचा होतो. दोन पावसाळे त्या नाल्याशी काढले की कोणीही होईल. बेळगावच्या एका सभेत शहरातले लोक 'जंगलातली माणसं जंगलातच सुखी' असं बोलत होते तेव्हा मला राग आला होता. तिथल्या कोणाच्याच पोरीला त्या वाडीत नांदायचं नव्हतं. आणि वन्यजीवांच्या बाजूनेही खरं आहे की सलग, निवांत रान वाघाला, अस्वलाला, गव्यांच्या कळपाला हवंच असतं. वाड्या उठल्यावर त्यांच्या शेताच्या जागी गवत येतं, गवतावर गवे येतात, मागून वाघ.

पण जानेवारी 2020 मध्ये इथून फार लांब नाही, गोव्याच्या सत्तरी तालुक्यात गोळावलीला एक वाघीण आणि तिचे तीन बच्चे विषाने मेले. वाघाने गुरं मारली होती. ते म्हादई अभयारण्यच होतं, फलक होता, कायदा होता. जिथे माणसाचे हक्क वर्षानुवर्षं लोंबकळत ठेवलेत आणि मेलेल्या म्हशीची भरपाई कधी मिळेल याचा भरवसा नाही, तिथे जंगलाची राखण फलकावर होत नाही, हे मला त्या बातमीनंतर नीट दिसलं. विष घालण्याचं समर्थन यात नाही. आमच्या वाडीतले दोन वॉचर तरी पुढेमागे कोणत्या बाजूला उभे राहतील, ते खातं त्यांच्या घराशी कसं वागतं यावर ठरणार आहे.

म्हणून आता माझं म्हणणं क्रमाचं आहे. हक्काची पडताळणी आधी, सामूहिक दाव्यासकट. त्याच वेळी साकव. चार खांबांच्या साकवाने अभयारण्य बिघडत नाही, आणि उद्या सगळी वाडी उठली तरी तो गस्तीच्या माणसांना उपयोगी पडेल. त्यानंतर स्थलांतराचा फॉर्म, पैसे किंवा जमीन दोन्ही पर्याय समोर ठेवून, मराठीत, चवथीच्या सुट्टीत. ज्यांना जायचंय ते तेव्हाही जातील. काहींना हा क्रम वेळकाढूपणा वाटतो. एका वनाधिकाऱ्याने मला सरळ सांगितलं, साकव बांधला की कोणी उठणार नाही. मी म्हटलं, साहेब, मग ऐच्छिक हा शब्द फॉर्ममधून काढा. ते चिडले नाहीत. चहा मागवला.

आजची स्थिती

सामूहिक दावा भरून झाला. हद्द चालून काढली, त्याला तीन दिवस लागले आणि एका ओढ्यावर शेजारच्या वाडीशी भांडण झालं. ते मिटवायला आणखी एक बैठक घ्यावी लागली. दावा उपविभागीय समितीकडे गेला आहे. जायला तयार असलेल्या 8 घरांपैकी 2 वाट न बघता खानापुरात भाड्याने राहायला गेली, पॅकेजशिवायच. आता त्यांचं वास्तव्य तुटलं असं धरतील का, ही नवी काळजी.

मे संपता संपता पोरांनी ओंडक्यांचा साकव पुन्हा घातला. ओंडके वादळात पडलेल्या झाडाचे. नियमाने तेही उचलता येत नाहीत. वनखात्याचा बीटचा गार्ड आला, ओंडके बघितले, झाड पडलेलंच होतं ना एवढं विचारलं. मग पिशवीतला ट्रॅप कॅमेरा छातीशी धरून त्याच साकवावरून पलीकडे गेला. पलीकडून ओरडून म्हणाला, डावीकडची दोरी सैल आहे, आवळा.

पोरांनी आवळली.